अर्धं हाइनरिखचं, अर्धं लुडविगचं

या, असं पुढं सरकून बसा. दारात उभं राहून ऐकायची ही गोष्ट नव्हे. आमच्या ॲडलेडजवळच्या लिलिएनतालच्या पोलनर घराण्यानं एका क्लॅरिनेटच्या जोरावर नव्वद वर्षं मान ताठ ठेवली. ती मान एका बाईनं चिमूटभर खडूच्या भुकटीनं कशी हलवली, ते सांगतो. स्तोत्राची साथ करणारं वाद्य आहे, तेव्हा थोडी भक्ती आणि थोडी करमणूक, दोन्ही पदरात पडेल.

त्या गुरुवारी वाल्डेमार पोलनर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते दोन दांडे जोडून होणारं क्लॅरिनेट मऊ फडक्यानं पुसत बसला होता. बायको हुल्डा कूखन केकचं पीठ हातात घेऊन त्याच्या उठण्याची वाट बघत होती.

"हुल्डा, वरच्या दांड्यावर काय कोरलंय, वाच बरं."

"चाळीस वर्षं वाचतेय. एच. पी. हाइनरिख पोलनर. तुझे आजोबा. आता उचल ते, नाहीतर आजोबांच्या भोकात पीठ जाईल."

वाल्डेमारला घाई नव्हती. गावाला दीडशे वर्षं पूर्ण होत होती आणि रविवारी मिरवणूक निघणार होती. जर्मन पूर्वजांनी सायलेशियाहून जहाजातून आणलेली सर्वात जुनी वस्तू ज्या घरात निघेल, त्या घरानं सगळ्यांच्या पुढं चालायचं, असं समितीनं ठरवलं होतं. शूबर्टांच्या घरी एक कॉफी दळायचं जातं होतं. पण कुठं जातं आणि कुठं क्लॅरिनेट! वाल्डेमारनं पुढं चालण्यासाठी नवे बूटसुद्धा घेतले होते. फक्त समितीला जाणकाराची चिठ्ठी हवी होती: कारागीर कोण, आणि वय किती.

एक बारीकशी अडचण मात्र होती. खालच्या दांड्यावर एच. पी. नव्हतं, एल. पी. होतं.

एल. पी. म्हणजे लुडविग पोलनर, हाइनरिखचा सख्खा भाऊ. दोघांनी लहानपणी वडिलांच्या क्लॅरिनेटवर आपापली अक्षरं उमटवली, अशी घरची कथा होती. पुढं १९०४ साली आमच्या लुथरन ख्रिस्ती मंडळींत धर्मसिद्धांतावरून फूट पडली. हाइनरिख सेंट जोहानेस चर्चमध्ये राहिला, लुडविग रस्ता ओलांडून समोरच्या झायन चर्चमध्ये गेला, आणि भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. ह्या न बोलण्याचा दोन्ही चर्चना फार अभिमान. चर्चच्या वरिष्ठ मंडळांनी केव्हाच समेट केला, तरी आमच्याकडं चहाचे कप अजून वेगळे आहेत.

जाणकाराच्या चिठ्ठीसाठी वाल्डेमारनं गाडी सुरू केली, तर फाटकात ऑटिली उभी. लुडविगची नात, झायनची ऑर्गनवादक, डोक्यावर रविवारची टोपी.

"कुठं निघालास, वाल्डी?"

"गॉलरला. काम आहे."

"माहितीय काम. मी येणार. अर्धा दांडा आमचा आहे. नव्वद वर्षं तुमच्या कपाटात कैदेत आहे बिचारा."

"बरं, बस मागं."

"मागं का? खालचा दांडा म्हणून?"

ती पुढं बसली. क्लॅरिनेटची पेटी दोघांच्या मध्ये. चाळीस मिनिटं दोघंही रस्त्याकडं बघत होते, आणि दोघांचाही एकेक हात पेटीवर होता.

गॉलरच्या मिस ट्रेगिल्गस म्हणजे बँडची वाद्यं दुरुस्त करण्यात म्हाताऱ्या झालेल्या बाई. त्यांनी क्लॅरिनेटचे दांडे सोडवले, मोजपट्टी लावली, भोकांतून उजेडाकडं पाहिलं.

"वाजतं का?"

"आजोबा दर रविवारी चर्चमध्ये वाजवायचे," वाल्डेमार छाती काढून म्हणाला.

"सुरात?"

"भक्तीत."

बाईंनी खडूची भुकटी बोटावर घेतली, दोन्ही दांड्यांवरच्या झिजलेल्या शिक्क्यांवर चोळली आणि बॅटरीचा उजेड आडवा धरला. पुसलेली अक्षरं लाकडातून पांढरी वर आली.

"हे कारागिराचं नाव नव्हे, दुकानाचं आहे. ॲडलेडचं दुकान. सॅक्सनीतून बिननावाची वाद्यं पेट्या भरभरून यायची, इथला दुकानदार वर आपला शिक्का मारायचा. करणारा कोण, ते देवाला ठाऊक."

"ॲडलेडचं? पण हे जहाजातून आलंय!"

"आलंच असणार. पोहत थोडंच येणार! वरच्या दांड्यावर दुकानाचा जुना पत्ता आहे, म्हणजे १९०० च्या आसपासचा. खालच्यावर नवा पत्ता. तिथं ते दुकान १९२२ साली गेलं. त्याआधीचा हा दांडा असूच शकत नाही."

"मग हाइनरिख पोलनर?"

"कोण?"

वाल्डेमारनं बोटानं एच. पी. दाखवलं. मिस ट्रेगिल्गसनी चष्मा काढला. "बाबा रे, ह्या वर्षात माझ्याकडं एक हॅरी पास्को येऊन गेले, एक ह्यूबर्ट पेनरोझ येऊन गेले. ज्याच्या त्याच्या घरात एच. पी. नावाचे आजोबा! एच. पी. म्हणजे हाय पिच. चढी पट्टी. पूर्वी बँड चढ्या पट्टीत वाजायचे, मग हळूहळू सगळ्यांनी पट्टी उतरवली. ह्या पट्टीचं वाद्य त्या पट्टीत चालत नाही, म्हणून कारखान्यातच शिक्का मारायचे."

"आणि एल. पी.?" ऑटिलीनं हसू दाबत विचारलं. तिला वाल्डेमारची फजिती अजून एकट्याचीच वाटत होती.

"लो पिच."

हसू विझलं.

"हे एक क्लॅरिनेट नाहीच," बाई म्हणाल्या. "दोन वेगळ्या क्लॅरिनेटांचे दोन अर्धे आहेत. कुणीतरी पेटीत भरताना घोटाळा केलाय. उरलेले अर्धे कुठंतरी असतीलच."

परतीच्या वाटेवर वाल्डेमारला नवे बूट चावू लागले. रविवारी शूबर्टांचं जातं पुढं चालणार! अर्ध्या रस्त्यात ऑटिली एकदम म्हणाली, "वाल्डी, गाडी बाजूला घे."

"बरं वाटत नाही का?"

"गाडी घे म्हणते ना." तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमच्याकडं आहे एक. आजोबा झायनमध्ये वाजवायचे ते. वर एल. पी., खाली एच. पी."

वाल्डेमारनं इंजिन बंद केलं. "आणि आजवर बोलली नाहीस?"

"काय बोलू? आम्हाला वाटलं, हाइनरिखच्या अक्षरांचा दांडा आमच्या घरात, म्हणजे आजोबांनी तो चोरलाच असणार! म्हणून तर आमचं घर इतकी वर्षं तुमच्या नावानं ओरडतंय. आम्ही ओरडत राहिलो की तुमच्यातलं कुणी आमच्या कपाटात डोकवायला येणार नाही."

द्राक्षांच्या मळ्यावरून वारा आला. वाल्डेमार बोटांवर काहीतरी मोजू लागला.

"ऑटिली, तो दांडा १९२२ नंतरचा."

"हो."

"भांडण १९०४ चं."

"हो रे, कळतंय मला."

"पण ते तर त्यानंतर भेटलेच नाहीत!"

"मग अदलाबदल कुणी केली? देवदूतांनी?"

म्हणजे हे दोन कट्टर म्हातारे कुठंतरी, द्राक्षाच्या शेडमध्ये नाहीतर ओढ्याकाठी, शेजारीशेजारी बसून वाजवत होते. कुणाची तरी चाहूल लागली असेल, घाईघाईनं हाताला येईल ते पेटीत कोंबून दोघं दोन दिशांना पळाले असतील. आणि मग बदलायला कोण जाणार? बदलायचं म्हणजे भेटल्याचं कबूल करणं आलं!

"म्हणून आजोबा तसे वाजवायचे," वाल्डेमार हळूच म्हणाला. "मी लहान होतो. स्तोत्र अगदी रंगात येऊन बोटं खालच्या दांड्यावर गेली की त्यांचा सूर असा काही घसरायचा, की पास्टरसुद्धा पुस्तकातून मान वर करायचे. आणि आजोबा हसायचे. मला वाटायचं, वय झालंय."

"आमचेही हसायचे," ऑटिली म्हणाली, आणि तिनं रुमाल शोधायला पर्स उघडली.

शनिवारी दोन्ही क्लॅरिनेटं पोलनरांच्या टेबलावर आली. दांडे नीट जुळवले, चढी पट्टी एकीकडं, उतरती एकीकडं, आणि गावच्या बँडमधल्या दोघांना वाजवायला बसवलं. एकेकटं वाजलं तेव्हा मध! दोन्ही एकदम वाजली, तेव्हा ओट्याखालचं कुत्रं थेट कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसलं.

"थांबवा!" हुल्डा कानांवरचे पिठाचे हात न काढता ओरडली. "आपापल्या जागी दोघं बरोबर, आणि एकत्र आले की हे असं! वर्षानुवर्षं काय ऐकलं असेल त्या दोघांनी?"

"भावाला ऐकलं असेल," ऑटिली म्हणाली.

मग वाल्डेमारनं दोन्ही वाद्यं सोडवली आणि पुन्हा होती तशीच चुकीची जोडली. ऑटिलीनं आपलं उचललं, त्यानं आपलं.

संध्याकाळी तो स्वतः समितीकडं जाऊन सगळं सांगून आला. रविवारी शूबर्टांचं जातं पुढं चाललं, आणि छान चाललं. मिरवणुकीच्या अगदी शेवटी हाइनरिखचा नातू आणि लुडविगची नात एका ओळीत चालत होती. दोघांच्या हातांत एकेक बिननावी, दुकानातलं, निम्मं दुसऱ्याचं क्लॅरिनेट, आणि मान अशी ताठ की जणू राजदंडच धरलाय.

"काय रे वाल्डेमार, जहाजातलं नाही निघालं म्हणे?" शूबर्ट वळून ओरडला.

"नाही ना! ॲडलेडच्या दुकानातलं!" वाल्डेमार सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "अस्सल १९२२ नंतरचं, आणि निम्मं दुसऱ्या भावाचं! विचार कुणालाही!"

सेंट जोहानेसच्या पायऱ्यांवरची म्हातारी मंडळी आधी हसली, मग त्यांनी मनात वर्षं मोजली आणि समोर झायनच्या पायऱ्यांकडं पाहिलं. तिथंही मोजणी चालली होती. समोरच्यांना सलाम म्हणून पहिली टोपी कुणी काढली ते सांगता येणार नाही; दोन्ही बाजूंनी आपलीच पहिली, असा दावा आहे.

तर मंडळी, येत्या रविवारी प्रार्थनेला उभं राहाल, आणि शेजारचा भलत्याच पट्टीत गाऊ लागेल, तेव्हा कपाळाला आठी घालू नका. त्याच्याकडं बघून जरा हसा, आणि आमच्या हाइनरिख आणि लुडविगची आठवण काढा.