आत्यासह चालू

१.
जो दिवा कधीच लागत नाही तो बिघडलेला असतो. जो नेहमी लागतो तो चांगला असतो. आणि जो मनात आलं तर लागतो, त्याला स्वभाव असतो. स्वभावाची दुरुस्ती होत नाही. त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

आमच्या बाबांच्या एकोणीस वर्षं वयाच्या गाडीतल्या मागच्या डाव्या ब्रेकच्या दिव्याला असा स्वभाव प्राप्त झाला, तेव्हा सरकारी वाहन तपासणीला नऊ दिवस उरले होते. ताईने (थोरली, निर्णयक्षम) लगेच ठराव मांडला : "गाडी पास झाली नाही तर ती भंगारात, आणि बाबांचं ड्रायव्हिंग बंद. किल्ली माझ्याकडे." ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. बाबा तटस्थ राहिले. फक्त त्या दिवसापासून गाडी दिवसातून दोनदा पुसू लागले.

२.
प्राथमिक चाचणी घरीच झाली. बाबांनी आत बसून ब्रेक दाबायचा, आईने मागे उभं राहून निकाल जाहीर करायचा.

"लागला! गेला. लागला! अहो, पाय हलवू नका."

"पाय तिथेच आहे."

"मग हा मला डोळा का मारतोय?"

(एकोणीस वर्षांत त्या गाडीकडून आईला मिळालेली ही पहिली दाद.)

३.
गॅरेजच्या दारात दिवा लख्ख लागला.

"लागतोय की, काका," मेकॅनिक म्हणाला.

"इथे लागतोय हो. घरी लागत नाही."

"मग घरी नेऊ नका."

सल्ला निर्दोष होता. तरीही बाबांच्या आग्रहाखातर बल्ब बदलण्यात आला. नव्या बल्बने जुन्याचा स्वभाव दोन तासांत आत्मसात केला. दुसऱ्या भेटीत मेकॅनिकने दिव्याला टपली मारली. वाहनशास्त्राचा सगळा डोलारा या टपलीवर उभा आहे. तिच्या चढत्या श्रेणी अशा : टपली, चापट, गुद्दा, लाथ (शेवटची फक्त मालकाने मारावी).

४.


(हा भाग मघाशी होता.)

५.
मग मी नोंदवही घातली. सहा दिवस, एकशे त्रेचाळीस ब्रेक.

रेडिओ बंद असता : कधी लागला, कधी नाही.
रेडिओ चालू असता : तसंच, पण वेळ बरा गेला.
मागच्या सीटवर डावीकडे मी बसलो असता : वीसपैकी सहा वेळा. (घरातलं माझं स्थान पाहता समाधानकारक.)
तिथेच आत्या बसली असता : एकतीसपैकी एकतीस.
आत्या बसून गप्प असता : माहिती उपलब्ध नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. चार दिवसांसाठी आली होती, त्याला आता तीन आठवडे झाले होते. बोलताना मुद्दा पटवायला ती बसल्या जागी मूठ आपटते. तिला मुद्दे फार.

४.
(लागला.) मेकॅनिकला हे आकडे कळवले, तेव्हा त्याने फोनवरच कारण सांगितलं : "मागच्या सीटखाली अर्थिंगच्या वायरचा स्क्रू ढिला असणार. वर जोर पडला की वायर टेकते, नाही तर सुटते. आणा, पाच मिनिटांत आवळतो."

बाबांनी फोनवर हात ठेवून घरच्यांकडे पाहिलं.

"आत्या बसली की लागतोय ना?" आई म्हणाली. "मग परवा तपासणी आहे, आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

कोणत्याही यंत्राबाबत मानवजातीने आजवर घेतलेला हा सर्वांत लोकप्रिय निर्णय आहे. तो एकमताने झाला. ताईनेसुद्धा विरोध केला नाही (ती ऑफिसात होती).

६.
तपासणी केंद्रावर निरीक्षक म्हणाले, "सगळे उतरा. तपासणी रिकाम्या गाडीची होते."

आई आणि मी उतरलो. आत्या उतरली नाही.

"आजी, तुम्हीसुद्धा. प्रवासी उतरवावे लागतात."

"मी प्रवासी नाही."

"मग कोण?"

"वायरिंग."

निरीक्षकांनी नियमावली अकरा मिनिटं चाळली. वायरिंग उतरवावं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. एकोणीस वर्षांत त्यांनी ते इतकं घट्ट धरलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि गाडी तर उभी होती.

"दाबा," निरीक्षक म्हणाले.

"अक्का," बाबा हळूच म्हणाले, "काहीतरी बोल ना."

"काय बोलू? घाबरतोस काय असा? वडिलांसमोर पण असाच गप्प बसायचास, आणि मग बोलणी कोण खायचं? मी!" मूठ. "तुझी सायकल कुणी पाडली? तू!" मूठ. "नाव कुणाचं आलं? माझं!"

दिवा असा लागला की निरीक्षक एक पाऊल मागे सरले. त्यांनी शेरा लिहिला : 'मागील डावा दिवा आत्यासह चालू. सदर भाग काढल्यास, बदलल्यास अथवा अन्यत्र हलवल्यास प्रमाणपत्र रद्द समजावे.'

प्रमाणपत्र दोन वर्षांचं आहे. ताईने ते दोनदा वाचलं आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. स्क्रू आवळता येत नाही, कारण मग मंजूर भाग निरुपयोगी ठरेल आणि तो बेकायदा बदल होईल. बाबा आता गाडी पुसत नाहीत, चालवतात. दोघं रोज बाहेर पडतात. भांडत जातात, त्यामुळे दिवा उत्तम लागतो.

७.
वाचक इथवर हसत आले असतील तर आनंद आहे. फक्त एवढं सांगा : तुमच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो फक्त मागच्या माणसाला दिसतो. लागला नाही, तर तेही त्यालाच कळतं, आणि तो बिचारा आपल्या परीने सांगायला बघतो. परवा सिग्नलपासून पुढच्या वळणापर्यंत तुमच्या मागे एक जण सारखा हॉर्न वाजवत होता. काच खाली करून तुम्ही त्याला काय म्हणालात, आठवतंय?