अडतीस सेकंदांची माया

माया मोजता येत नाही, असा एक गैरसमज आपल्या समाजात पुष्कळ वर्षं सुखाने नांदत होता. डहाणू-तलासरी रस्त्यालगतच्या ‘सुखसंध्या ज्येष्ठ निवास संकुला’ने तो दूर केला. माया मोजता येते. ती सेकंदांत मोजतात, आणि जितकी कमी भरेल तितकी चांगली.

संकुल चिकूच्या वाडीत आहे. दोन इमारती, अ आणि ब. चाळीस रहिवासी आणि त्यांची एकूण बासष्ट मुलं. या मुलांना इथे ‘पालक’ म्हणतात, कारण प्रवेश-अर्जावर सही त्यांची असते. माझी आई वासंतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, ब इमारतीत सात नंबरच्या खोलीत राहते. म्हणून मी पालक. शिवाय गुणवत्ता समितीवर पालक-प्रतिनिधी. (समितीची सभा व्हिडिओवर होते. मी नियमित हजर असतो. कॅमेरा बिघडलेला असतो.)

संकुलाचे गुणवत्ता अधिकारी श्री. तुषार यांनी प्रत्येक पलंगाशी एक बेल बसवली. रहिवाशाने बेल दाबायची, मदतनिसाने येऊन दाराजवळचं लाल बटण दाबायचं. मधला वेळ कार्यालयातल्या यंत्रात उमटतो. सरासरी एका मिनिटाच्या आत असेल तर सेवा उत्तम. लाल बटण दाबल्यावर पुढे काय करायचं, याचा रकाना तक्त्यात नाही. तक्ता एका पानात बसवायचा होता.

अ इमारतीत रोशन आहे. चपळ माणूस. बेल वाजली की अडतीस सेकंदांत धावत येतो, लाल बटण दाबतो आणि धावत निघून जातो. ज्याला पाणी हवं असतं तो पुन्हा बेल दाबतो. रोशन पुन्हा येतो. महिन्याला चारशे बारा बेल, एकही वाया नाही. (एक ग्लास पाण्याला सरासरी चार बेल लागतात. त्यामुळे रहिवाशांच्या बोटांना व्यायाम होतो, असं वार्षिक अहवालात म्हटलं आहे.)

ब इमारतीत जयवंती होती. वय पंचेचाळीस, कैनाडहून रोज जीपने यायची. तिच्यात एक गंभीर दोष होता: ती बेल वाजण्याआधीच यायची. आपला चष्मा हरवलाय हे आईला कळायच्या आत तो शोधून नाकावर ठेवायची. विष्णूकाकांचा, म्हणजे रेल्वेतल्या निवृत्त गार्डांचा, गुडघा आज कसा आहे हे तिला त्यांच्या काठीच्या आवाजावरून समजायचं. चारला चहा म्हणजे पावणेचारला ती स्टोपाशी उभी.

परिणाम व्हायचा तोच झाला. ब इमारतीत तीन महिन्यांत एकूण तीन बेल वाजल्या. एक पालीने दाबली. दुसरी पुसताना फडक्याने दाबली. तिसरी उशी पडून दाबली गेली, तेव्हा अख्खी इमारत जयवंतीबरोबर चिकूखाली चहा पीत बसली होती. ती बेल सत्तेचाळीस मिनिटं वाजली. सरासरी सोळा मिनिटं. नोटीस लागली: महिनाअखेर सरासरी एका मिनिटाच्या आत न आल्यास जयवंती यांची सेवा समाप्त.

आईने मला फोन केला. चौथ्यांदा केला तेव्हा मी उचलला.

“त्या बाईला काढताय कशाला रे?”

“आई, आकडे बोलतात.”

“आकडे बोलतात. मग तू का नाही बोललास?”

सभेत माझ्या आवाजाचीही अडचण होती, हे मी तिला समजावून सांगितलं.

तेव्हा ब इमारतीने सूत्रं आपल्याच हाती घेतली. विष्णूकाकांनी चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून वहीत बेलचं वेळापत्रक आखलं. खोली तीन, सहा वाजून दहा मिनिटं. खोली चार, सहा चौदा. खोली नऊ, फक्त रविवारी. बायजी नावाच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आजींना सणासुदीच्या जादा बेल मिळाल्या. काका व्हरांड्यातून हिरवं फडकं दाखवणार, मगच बोट लावायचं. पहिल्या सकाळी जयवंती पाणी घेऊन त्यांच्या पलंगाशीच उभी होती.

“काका, मी इथंच उभी आहे ना! मंग बेल कशाला दाबता?”

“तू मध्ये बोलू नकोस. माझी झाली की लाल दाब.”

“पाणी तर प्या आधी.”

“पाण्याला रकाना नाही!”

यंत्रात शून्य सेकंद उमटले. यंत्राला ते पटेना. त्याने बिघाड जाहीर केला आणि वापीहून माणूस आला. मग ठरलं, जयवंतीने उंबऱ्याबाहेर पाच आकडे मोजून आत यायचं. आईने ते मोठ्याने म्हणायला लावले. (एकदा चार राहून गेला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.) दिवसाला दोनशे चौदा बेल वाजू लागल्या. गुडघे विसरले गेले. बायजी झोपेतही बोट हलवू लागल्या. सगळी इमारत इतकी हसत होती की दोघांची कवळी निसटली, आणि ती शोधायलाही बेल दाबण्यात आली.

महिनाअखेर सरासरी: पाच सेकंद. संस्थेच्या इतिहासातला विक्रम. (इतिहास दोन वर्षांचा आहे.) तुषार यांनी जयवंतीला पुष्पगुच्छ दिला आणि असं गुणी माणूस एकाच इमारतीत अडकवून ठेवणं योग्य नाही, म्हणून तिला बढती देऊन कार्यालयात यंत्रासमोर बसवलं. ब इमारतीला रोशन मिळाला. पाण्याचा दर चार बेलवर गेला.

जयवंती तीन दिवस यंत्रावरचे दिवे बघत बसली. चौथ्या दिवशी पावणेचारला ती उठली आणि चहा ठेवायला ब इमारतीत गेली. यंत्र पन्नास मिनिटं बेवारस होतं. कर्तव्यात अक्षम्य कसूर! तिला शिक्षा झाली: पुढील आदेशापर्यंत पुन्हा ब इमारत. ते ऐकून वीसही खोल्यांनी एकदम बेल दाबली. यंत्राने त्याची नोंद ‘तीव्र असंतोष’ अशी केली.

पुढील आदेश अजून आलेला नाही. पण काकांच्या वहीत पानं उरली होती, आणि आखलेली वही वाया घालवणं गार्डाच्या रक्तात नसतं. त्यांनी आता नोंदीला पालक घेतले आहेत. फोन कधी केला, उचलला कधी, किंवा उलट कधी केला. माझी सरासरी चार दिवस सहा तास. दोन पालकांपुढे ‘रद्द’ लिहिलं आहे.

“आई, मी कामात होतो गं.”

“असशील ना. कारण कोण विचारतंय? आम्ही फक्त नोंद करतो.”

ज्यांचे आईवडील संकुलात नसून घरीच, आतल्या खोलीत आहेत, त्यांनी एवढं हसू नये. ‘आलो, आलो!’ हे त्या घरातलं लाल बटण असतं. ते दाबल्यावर पुढे काय करायचं, याचा रकाना तिथेही नाही. मघाशी, तो कवळीचा भाग वाचताना, तुम्हाला आतून कुणीतरी हाक मारली होती. एवढं संपवून जातो, असं तुम्ही ठरवलंत.

नोंद झाली आहे.