मैफल बघायला या

संगणकावर आयत्या वेळी सुचेल ते संगीत वाजवणारा एक वादक होता. त्याच्याविरुद्ध सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे गंभीर तक्रार आली: हा इसम रंगमंचावर बसून ऑफिसचं काम करतो.

"लोकांना तुमची बोटं दिसतात, पण काय वाजतंय ते दिसत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"संगीत ऐकायचं असतं, साहेब."

"ती जुनी पद्धत झाली."

मग वादक आपला स्क्रीन मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवू लागला. सूर चढला की निळी पट्टी चढे, लय वाढली की ठिपके उड्या मारत. लोक बेहद्द खूश झाले. पुढच्या खेपेला व्यवस्थापकांनी ठिपके टपोरे करायला सांगितले. त्याच्या पुढच्या खेपेला आवाज कमी करायला; बघण्यात व्यत्यय येतो, असा रसिकांचा अभिप्राय होता.

वादक घरी येऊन चरफडला. "मला हवा तो सूर लावला की पट्टी मळकट दिसते. म्हणून मी भलताच सूर लावतो!"

"मग नको वाजवूस तिथे," बायको म्हणाली.

"आणि तारीख दुसऱ्याला गेली तर?"

वर्षातल्या मोठ्या मैफलीला सभागृह खचाखच भरलं. वादक रंगात आला, त्याने एक अवघड जागा लीलया घेतली, आणि संगणकाने मान टाकली. स्पीकर गप्प. पडद्यावर एक करडं चाक गरगरू लागलं. खाली अक्षरं: 'कृपया थांबा.'

वादक भराभर कळा बडवू लागला. सभागृहात मात्र टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

"वा! काय विलंबित आहे!" पहिल्या रांगेतले समीक्षक पुटपुटले. शेजारच्या बाईंनी डोळे टिपले.

वादकाला राहवेना. टेबलावर बोटांनी ठेका धरून, डोळे मिटून तो चक्क गाऊ लागला. इतकं मोकळं त्याला उभ्या आयुष्यात सुचलं नव्हतं.

"शूऽऽ!" मागून कुणीतरी खेकसलं. "अहो, बघू द्या ना!"

त्याने आशेने दुसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. चाकावरची नजर न काढता तिने ओठांवर बोट ठेवलं.

टाळ्या थांबता थांबेनात. व्यवस्थापकांनी त्याला कडकडून मिठी मारली. "पुढच्या वेळी हेच! तुम्ही यायची तसदी घेऊ नका. फक्त चाक पाठवा."

चाकाचे प्रयोग आता सर्वत्र जोरात चालू आहेत. तिकीट लागत नाही. परवा तुम्हीसुद्धा फोन हातात धरून एक प्रयोग तल्लीन होऊन पाहिलात; आणि तो संपल्यावर, मुळात काय बघायचं होतं, ते तुम्हाला काही केल्या आठवेना.