पाहुणे डावीकडे वळले

"पेनं दोन घे. क्लबवाल्यांचं पेन ऐन वेळी चालत नाही कधी," बायको म्हणाली.

पाहुण्यांनी दोन पेनं खिशात टाकली.

"ओळखपत्र? तपासणीचे जुने कागद? फोटो? आणि हे बघ, नवीन फोटो काढतील तेव्हा जरा हस. मागच्या वेळी हरवलेल्या माणसासारखा आला होतास."

"हो गं बाई, हो."

पाहुणे म्हणजे या घराचे कर्तेच. व्यवसायाने फुटबॉलपटू, वय चौतीस, जागा मधल्या फळीत. पंधरा वर्षांत अकरा क्लब झाले होते त्यांचे. पाचव्या क्लबात कुणीतरी थट्टेने 'पाहुणे' म्हटलं आणि ते नाव सामानाबरोबर पुढच्या सगळ्या क्लबांत गेलं. काम तरी काय, तर मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. गोल झाला की पुढचा नाचायचा, गोल खाल्ला की गोलकीपरच्या नावाने सगळे खडे फोडायचे, आणि पाहुण्यांना दोन्हीकडून कुणी काही विचारायचं नाही. एका क्लबाच्या भिंतीवर टांगलेल्या फोटोखाली तर चक्क 'उजवीकडून तिसरे : नाव उपलब्ध नाही' असं छापलेलं होतं. पाहुण्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. फोटोत चेंडू त्यांच्याच हातात होता.

आजचा दिवस मात्र मोठा होता. ज्या पिवळ्या क्लबात ते तीन वर्षं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने एक युगच, खेळले होते, त्या क्लबाने मे महिन्यात दोन ओळींचं पत्र देऊन त्यांना मोकळं केलं होतं. आणि नशीब असं, की त्याच शहरातला, नदीपलीकडचा निळा क्लब त्यांना एक वर्षासाठी घ्यायला तयार झाला होता. म्हणजे घर बदलायला नको. बायकोला इथल्या दवाखान्यात कायमची नोकरी लागली होती. पाच शाळा फिरलेल्या लेकीला आयुष्यात पहिल्यांदा 'जुनी मैत्रीण' मिळाली होती. आता फक्त नऊ वाजता निळ्यांकडे जायचं, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची आणि बाराच्या आत सही करायची. बाराला खेळाडूंची नोंदणी बंद होणार होती. सही राहिली, तर सहा महिने घरी बसायचं, नाहीतर त्यांचे करार जुळवणाऱ्या एजंटने सुचवलेल्या त्या कुठल्याशा परदेशी क्लबात जायचं. तिकडे पोचायलाच दीड दिवस लागत होता.

"निळ्यांच्या कोचला तुझ्या पायांची शंका आहे म्हणे," बायको दारात म्हणाली. "चौतिसाव्या वर्षी हा माणूस पळतो का, असं विचारत होता एजंटला."

"पळतो ना."

"मग आज तेवढं वेळेवर पळ."

पाहुणे गाडीत बसले. डोक्यात पेनं, फोटो, पाय, पळणं असं सगळं घोळत होतं. पेट्रोल पंपाच्या चौकात उजवीकडे वळलं की नदीचा पूल लागतो. पण गेली तीन वर्षं ही गाडी त्या चौकात डावीकडेच वळत होती, आणि गाडीला मे महिन्यातलं पत्र कुणी दाखवलेलं नव्हतं. ती डावीकडे वळली. पाहुणेही तिच्याबरोबर वळले.

पिवळ्यांच्या फाटकावरच्या रखवालदाराने नेहमीसारखा सलाम ठोकला. पाहुण्यांनी नेहमीसारखी मान हलवली, नेहमीच्या जागी गाडी लावली आणि ते शीळ घालत ड्रेसिंग रूममध्ये शिरले.

आत सगळ्यांनी माना वर केल्या. मग गोलकीपर म्हणाला, "काय पाहुणे! बरं चाललंय ना?"

"मजेत."

एवढंच. खेळाडूंमध्ये एक रीत असते. कुणाला कराराविषयी विचारायचं नाही. "तू आहेस का रे अजून?" असं विचारणं म्हणजे दुखऱ्या दाढेवर बोट ठेवणं, कारण उद्या तोच प्रश्न आपल्यालाही कुणी विचारू शकतो. त्यामुळे पाहुणे परत आलेले बघून प्रत्येकाने मनाशी ताडलं, की घेतलं असणार परत. सगळे मूग गिळून गप्प बसले. सामान सांभाळणारा माणूस नवा होता. त्याने यादी न बघताच पाहुण्यांच्या हातात पिवळं जाकीट आणि चड्डी ठेवली.

बुटाची नाडी बांधून पाहुण्यांनी मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर पिवळ्या क्लबाचं भलंमोठं बोधचिन्ह. पाहुण्यांनी ते पाहिलं. अंगातल्या जाकिटाकडे पाहिलं. परत भिंतीकडे पाहिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"अरे देवा!"

ते उठून दाराकडे निघाले, तेवढ्यात दारातून नवा कोच आत आला. हा गेल्याच आठवड्यात बाहेरून आलेला, आडवातिडवा, घशात शिट्टी अडकल्यासारख्या आवाजाचा माणूस.

"कुठे निघालात?"

"सर, मी... म्हणजे मी इथला..."

"इथला आहात हे दिसतंय. चला मैदानात! पहिल्याच दिवशी कारणं सांगणारा माणूस मला आवडत नाही."

आता पाहुण्यांचा स्वभाव असा, की चेंडू अंगावर आला तर शांतपणे देतील. पण माणूस अंगावर आला की त्यांची बोबडी वळायची. शिवाय अकरा क्लब पाहिलेल्या माणसाने 'मी चुकून आलो' असं वीस जणांसमोर सांगायचं कसं? दोन फेऱ्या मारू, लंगडल्याचं सोंग करू आणि सटकू, असा त्यांनी बेत केला.

पण फेऱ्या संपताच कोचने दोन संघ पाडले आणि पाहुण्यांना मध्ये उभं केलं. पायात चेंडू आला. आता आलेला चेंडू वाईट रीतीने द्यायचा, हे काही त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. त्यांनी तो नीट दिला. परत आला, परत दिला. तासाभराने कोचने खेळ थांबवला.

"बघा! सगळ्यांनी याच्याकडे बघा! मी आठवडाभर जे बोंबलतोय ते या माणसाला एकदा सांगून कळलं." आणि पाहुण्यांच्या खांद्यावर हात टाकून त्याने आपली कॉर्नर मारायची खास युक्ती, कोण कुठून धावणार, कोण कुणाला अडवणार, सगळं त्यांच्या कानात सविस्तर ओतलं. पंधरा वर्षांत कुठल्याही कोचने पाहुण्यांचं असं चारचौघांत कौतुक केलं नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटलं, की ते आणखी वीस मिनिटं खेळले.

पाणी प्यायची शिट्टी झाली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पाहुण्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तसेच धावत ड्रेसिंग रूममध्ये गेले. फोनवर बायकोचे सतरा कॉल येऊन गेले होते. अठरावा वाजत होता.

"कुठे आहेस तू?"

"मैदानावर."

"खोटं बोलू नकोस! त्यांचा दोनदा फोन आला मला. तू तिथे नाहीयेस म्हणतात."

"तिथे नाहीये. मी... पिवळ्यांकडे आहे."

"तिकडे काय करतोयस?"

"सराव."

"कुणाबरोबर?"

"सगळ्यांबरोबर. अगं, गाडी वळली डावीकडे..."

"निघ!" बायको एवढ्या जोरात ओरडली, की शेजारचा गोलकीपरही उठून उभा राहिला. "मी एजंटला सांगते काहीतरी. तू आधी निघ तिथून!"

पाहुणे कागदांची पिशवी काखोटीला मारून गाडीकडे पळाले. गाडीच्या मागे मैदानाला पाणी घालायला आलेला टँकर आडवा उभा होता. ड्रायव्हर कुठे, तर चहा प्यायला गेलेला. रखवालदार म्हणाला, "येईल की इतक्यात. चहा लांब आहे जरा." रिक्षा दिसेना. घड्याळात अकरा वीस. निळ्यांचं मैदान पूल ओलांडून सहा किलोमीटर.

पाहुणे धावत सुटले.

इकडे बायकोने एजंटला फोन केला होता. "खरं तेच सांगा त्यांना," ती म्हणाली. "मला खोटं सुचत नाहीये." एजंटला उभ्या आयुष्यात हा सल्ला कुणी दिला नव्हता. त्याने निळ्यांच्या मॅनेजरला फोन लावून खरं तेच सांगितलं : "साहेब, ते सकाळपासून पिवळ्यांकडे आहेत. त्यांच्या नव्या कोचने मैदानात उतरवलंय, आणि फार खूश आहे म्हणे."

मॅनेजर खुर्चीतून उठला. "पळवतायत की काय आमचा माणूस?"

"ते मी कसं सांगू?" एजंट म्हणाला, आणि हेही खरंच होतं.

बाराला दहा मिनिटं असताना निळ्यांच्या फाटकातून एक पिवळं जाकीट आत घुसलं. दोघा-तिघांनी "अरे, हा कोण रे पिवळा?" म्हणून अडवायचा प्रयत्न केला. पाहुणे त्यांना चुकवून थेट ऑफिसात गेले. तिथे मॅनेजर, कोच, डॉक्टर आणि एजंट असे चौघे बसले होते.

"आलो," पाहुणे म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागले.

"गाडी कुठेय तुमची?" कोचने विचारलं.

"पिवळ्यांकडे. टँकर आडवा आलाय."

"मग आलात कसे?"

"पळत."

"नदीपलीकडून? सराव करून?" कोचने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहुण्यांचं मनगट धरलं, घड्याळ लावून ठोके मोजले, कागदपत्रं चाळली आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही." पायांविषयी नंतर कुणीच काही बोललं नाही.

मॅनेजरने घाईघाईने कागद पुढे सरकवला. "दोन वर्षांचा केलाय. एकाचे दोन. पण यापुढे तिकडे फिरकायचं नाही हां."

पाहुण्यांनी कागद वाचला. परत वाचला. तेवढ्यात फोन वाजला. पिवळ्यांचे सेक्रेटरी होते, मे महिन्यात पत्रावर सही करणारे तेच.

"अहो, आहात कुठे तुम्ही? कोच साहेबांनी डोकं खाल्लंय माझं. मधला माणूस कुठे गेला म्हणतात. यादीत शोधलं तर तुमचं नावच नाही! कुणी काढलं, असं मलाच विचारतायत. या परत. दोन वर्षांचा करार करतो, आत्ता, या क्षणी."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला चार मिनिटं होती. पाहुण्यांनी फोन कानालाच ठेवला आणि ते खुर्चीत टेकून बसले. पंधरा वर्षांत एका वेळी दोन क्लबांना ते हवे आहेत, असं एकदाही घडलं नव्हतं. पुन्हा घडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी पूर्ण एक मिनिट ते सुख भोगून घेतलं. समोर मॅनेजर घाम पुसत होता, फोनमध्ये सेक्रेटरी "हॅलो, हॅलो" करत होते. फार छान वाटत होतं.

"साहेब, उशीर केलात," ते शेवटी म्हणाले. "मेमध्ये मी रिकामाच होतो. आणि एक काम करा, कोचना कॉर्नरची युक्ती बदलायला सांगा. मला सगळी पाठ झालीय."

"ते कशाला सांगितलंत?" निळा कोच कळवळून म्हणाला.

"विश्वासाने सांगितली होती हो त्याने," पाहुणे म्हणाले, आणि त्यांनी सही ठोकली.

फोटो काढताना त्यांना हसायला सांगावं लागलं नाही. उलट छायाचित्रकारालाच "जरा कमी हसा" म्हणावं लागलं. मग पाहुण्यांनी बायकोला फोन लावला.

"झाली सही?"

"झाली. दोन वर्षं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पाहुण्यांचेही डोळे भरून आले.

"दोन?" तिने विचारलं. "नक्की कुठल्या क्लबाची सही केलीस?"

"निळ्यांची गं. नीट वाचून केली."

"बरं. मग आता सरळ घरी ये. आणि ऐक, आपल्याच घरी ये. आधीच्या नव्हे."

"पत्ता सांग ना एकदा," पाहुणे म्हणाले.

आणि बायकोने तो सांगितला. गल्ली, इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं दार, सगळं अगदी सावकाश.