कार्बायोचं नाक

एक नाक, मधोमध उंचवटा असलेलं.

सत्त्याऐंशी क्रमांकाची तळटीप.

अर्धवट सोललेले दीड किलो मटार.

पाच वाजता बंद होणारी खिडकी.

गुरुवारी सकाळी साडेअकराला हे सगळं एकाच टेबलावर होतं. खिडकी तेवढी विद्यापीठात होती.

टेबल अंजली साळवेचं. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती आणि स्पेनमधल्या एका प्रांताच्या राजकारणावर तिने सहा वर्षं खपून इंग्रजीत प्रबंध लिहिला होता. दोन मुदतवाढी संपल्या होत्या. आज पाचच्या आत पाच प्रती खिडकीत पोचल्या नाहीत तर नोंदणी रद्द, आणि कायमच्या नोकरीचं नावही काढायला नको. पण प्रती द्वारका चौकाजवळ निसारभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात बांधायला दिल्या होत्या, म्हणून अंजली निवांत चहा पीत होती. तिची आई लताबाई मटार सोलता सोलता प्रबंधाची घरातली प्रत चाळत होत्या.

"हे दोघं बापलेक ना गं?" दोन फोटोंवर त्यांनी शेंग टेकवली.

"नाही गं आई. हा मेन्देस, हा रियेरा. मेन्देसने आपली खुर्ची घराण्याबाहेरच्या माणसाला दिली. तोच तर माझा मुद्दा आहे."

"नाक बघ की."

"अगं, आडनावंच वेगळी आहेत!"

"आडनाव वेगळं म्हणून नाक बदलतं व्हय?"

लताबाईंनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. कुठलं पोर कुणाच्या घरचं, हे त्या हजेरीपट न उघडता सांगत.

"पूर्ण नावं काय त्यांची?"

"आउरेलियो कार्बायो मेन्देस आणि आन्सेल्मो कार्बायो रियेरा."

"मधलं तर सारखंच हाय."

"मधलं वडिलांचं असतं, आई. दोघांच्याही वडिलांचं नाव कार्बायो होतं. योगायोग. त्यावर तळटीप दिलीय मी."

तीच ती सत्त्याऐंशी नंबरची. 'या प्रांतात मुलाचे नाव कार्बायो ठेवण्याची हौस असावी.'

आईला गप्प करावं म्हणून अंजलीने मोबाइल उघडला, आणि दोन मिनिटांत स्वतःच गप्प झाली. स्पेनमध्ये मधे बापाचं नाव नसतंच. आधी बापाचं आडनाव, मागून आईचं. माणूस ओळखायचा तो पहिल्या आडनावाने. म्हणजे घराणं कार्बायोंचं. सहा वर्षं ती दोन पुढाऱ्यांना त्यांच्या आयांच्या माहेरच्या आडनावांनी हाका मारत होती.

तिने मार्गदर्शकांना फोन लावला.

"धनराज सर, ते बापलेक आहेत."

"कोण?"

"सर, तुम्ही प्रबंध वाचलाय ना?"

"प्रस्तावना अगदी बारकाईने वाचली होती मी," सर म्हणाले. "घाबरू नकोस. सगळीकडे एकदम बदल. एका बटणाचं तर काम."

अंजलीने बटण दाबलं. दोन्ही आडनावांच्या जागी चारशे बारा ठिकाणी कार्बायो आला. 'कार्बायोने कार्बायोचा पराभव मान्य करून कार्बायोला कार्बायोच्या खुर्चीत बसवले.' मग तिने बदल मागे घेऊन दोघांना दोन-दोन आडनावं दिली. जिथे नाव आधीच पूर्ण होतं तिथे कार्बायो कार्बायो रियेरा झाला.

"कार्बायो कार्बायो... बंद गाडी ढकलल्यागत वाटतंय," लताबाई म्हणाल्या.

एकीकडे जादाचे कार्बायो खुडत अंजली चौथ्या प्रकरणाशी आली. 'घराण्याबाहेरचा वारस.' मेन्देस लहानग्या रियेराला खांद्यावर बसवून जत्रेला नेई. त्याखाली तिने लिहिलं होतं, 'यातून सामान्य जनतेच्या मुलांविषयीचा त्याचा जिव्हाळा दिसतो.' मेन्देस वारला तेव्हा रियेरा तीन दिवस जेवला नाही. 'त्या काळातील राजकीय सुसंस्कृतपणा.'

तिला हसू आलं. मग डोळे भरून आले.

"बाप गेल्यावर कोण जेवंल?" लताबाई हळूच म्हणाल्या.

पुरावे सगळे खरे होते. अंजली फक्त आपलं शहाणपण पुसत गेली. अठ्ठावीस पानांचं प्रकरण अकरा पानांवर आलं आणि पहिल्यांदाच वाचण्याजोगं झालं. मथळ्यातलं 'बाहेर' गेलं. राहिली तळटीप. आकडे तिने हाताने टाकलेले. सत्त्याऐंशी उडवली तर पुढच्या दोनशे सरकणार. तिथे काहीतरी हवंच होतं. तिने लिहिलं, 'हे नाते लेखिकेच्या आईने नाकावरून ओळखले.'

दीड वाजता तिने दुकानात फोन केला. "निसारभाई, बांधू नका!"

"बांधून झाल्या मॅडम. सोनेरी नावपण चढलं."

"प्रबंधाचं नाव चुकलंय. त्यात रियेराच्या आधी कार्बायो पाहिजे."

"शादी झाली का त्यांची?"

"ते वारले, निसारभाई. शंभर वर्षं होतील."

"मग आता त्यांना काय फरक पडतो?" असं म्हणत निसारभाईंनी पाची पुठ्ठे उचकटले. तीनला अंजली नवी छापलेली पानं घेऊन आली. चारला डिंक लागला. सव्वाचारला सोनेरी अक्षरं चढली. दोन आडनावं एका ओळीत मावेनात, म्हणून कार्बायो वर आणि रियेरा खाली गेला. गरम प्रती मांडीवर घेऊन अंजली रिक्षात बसली.

चार बावन्नला खिडकीतल्या भाग्यश्री मॅडमनी प्रती मोजल्या, शिक्के पाहिले आणि अर्ज उलटा फिरवून तिच्यापुढे सरकवला.

"हे घेता येणार नाही."

"का? नावं बरोबर केलीत हो सगळी!"

"आईच्या नावाचा रकाना रिकामा आहे."

अंजलीने पेन घेतलं आणि लिहिलं, लता.

त्या दोघांचे फोटो अंजलीने कपाटाच्या दारावर पहिल्यांदा चिकटवले त्याला चार वर्षं झाली. त्या दिवशी लताबाईंनी विचारलं होतं, "बापलेक का गं हे?" अंजलीच्या कानात इअरफोन होते.