सुविधा आहे ना, मंग घ्या ना!

सेलूच्या शाखेत मी रुजू झाले त्या सकाळी डेकाटेभाऊंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, चहा घेणार का तेही विचारलं नाही. कॅशच्या खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी एकच प्रश्न केला.

"मॅडम, चश्मा आहे का?"

"नाही."

"मंग लावून घ्या ना. चश्म्याचे पैसे भेटते."

माझे डोळे चांगले आहेत असं मी सांगितलं. एखाद्याची लागलेली नोकरी गेल्याचं ऐकावं तशी त्यांनी हळहळून मान हलवली. "आज चांगले आहे. पण ध्यानात ठेवा. सुविधा आहे ना, मंग घ्या ना!"

हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांचं पालुपद. वसंत डेकाटे आमचे कॅशियर. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, आणि शर्ट नेहमी एक माप मोठा. बँकेत पगाराखेरीज जे जे मिळतं, म्हणजे औषधाचे पैसे, पेपरचे पैसे, पेट्रोल, प्रवास, रजा, ते सगळं त्यांना तोंडपाठ. मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं की आम्ही ते न वाचता सरकवून द्यायचो. डेकाटेभाऊ मात्र लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तसं वाचायचे. आपलं कोणी राहून तर गेलं नाही ना!

आमचे शिपाई नत्थूजी. त्यांना एकदा भाऊंनी गाठलं. "नत्थूजी, वहिनीचे दात दुखते म्हणे?"

"दुखते कधीमधी."

"मंग कायची वाट पाहून राह्यले? दातायचे पैसे भेटते."

वहिनींना नवी कवळी बसली. महिनाभरानं नत्थूजी तोंड पाडून आले. "भाऊ, लय फसलो. पहिले ते कमी बोलत होती."

माझी प्रवासाची सवलत वाया चालली आहे हे कळल्यावर तर भाऊंना घास गोड लागेना. शेवटी त्यांनीच माझा प्रवास आखून दिला. थेट कन्याकुमारी.

"इतक्या लांब कशाला?"

"त्याच्या पुढं जमीनच नाई, मॅडम. असती त तिथं पाठवलं असतं."

"आणि तुम्ही कधी जाता?"

"माह्यं जमत नाई," एवढं म्हणून ते नोटा मोजू लागले. सगळ्या शाखेला गावोगाव पाठवणारा हा माणूस स्वतः नागपूरच्या पलीकडे गेला नव्हता. तरीही लोक त्यांना लोभी म्हणायचे. भत्ते बंद झाले तर डेकाटे दुसऱ्या दिवशी येणार नाही, असं मीही हसत हसत म्हणायचे.

मग आमच्याकडे कुलथेसाहेब मॅनेजर म्हणून आले. तरुण, उत्साही, इस्त्रीचे. माणूस पैशासाठी नाही तर प्रेरणेनं काम करतो, असा त्यांचा ठाम विश्वास. त्यांनी भिंतीवर एक पितळी घंटा लावली. कुणी विम्याची पॉलिसी विकली की वाजवायची, आणि सगळ्यांनी टाळ्या. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. भाऊ खिडकीतून म्हणाले, "साहेब, आता परसाद पण ठेवा लागते."

सकाळी काउंटर उघडण्याआधी साहेब आम्हाला गोल उभं करून प्रश्न विचारत.

"डेकाटेजी, सकाळी तुम्हाला अंथरुणातून कोण उठवतं?" त्यांना स्वप्न, ध्येय असलं काहीतरी उत्तर हवं होतं.

"सासू."

सगळे हसले. साहेबही हसले, पण सोडलं नाही. "बरं, बँकेकडे येताना पावलं झपाझप कशानं पडतात?"

"उन्हानं."

"आणि काम करावंसं कशानं वाटतं?"

"पगारानं. त्यात लपवाचं काय आहे, साहेब?"

साहेब हिरमुसले. पण माणूस नजरेचा पक्का होता. डेकाटेभाऊंच्या खिडकीवरची रांग सगळ्यात आधी सरकते, पेन्शनवाल्या म्हाताऱ्या दुसरीकडे जागा असली तरी त्यांच्याच पुढं उभ्या राहतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ठरवलं, या माणसाला ऑफिसर करायचं. भाऊंना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसवलं.

साहेबांनी बढतीचे फायदे सांगायला सुरुवात केली. पगार वाढेल. घरभाडं बँक देईल. गाडीला स्वस्त कर्ज मिळेल. भाऊ खुर्चीच्या कडेवर सरकले, डोळे चमकायला लागले. साहेब एक भत्ता विसरले, त्याची भाऊंनीच आठवण करून दिली. मला वाटलं, झालं. आता पेढे.

"तर मग नाव पाठवू?"

"नाई."

"नाही? का?"

"बदली होते ना."

"मग काय झालं? बायकामुलांना घेऊन जा."

"बायको नाई राह्यली, साहेब. मूलबाळ झालं नाई." भाऊ उठले. "घरी सासू आहे. ते सेलू सोडत नाई, अन् मी तिले सोडत नाई." आणि कॅश उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून मलाही हे माहीत नव्हतं. नत्थूजींनी मग सांगितलं. भाऊंची बायको एकुलती एक लेक. तिची विधवा आई लग्नापासून यांच्याचकडे. बायको आजारानं गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता म्हातारीला पुतण्याकडे पोचवा, तुमचा तिचा काय संबंध? भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन गर्दीत भाऊंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, कॅश माझ्या ताब्यात दिली आणि चप्पल घालायचंही विसरून निघाले. रजेचा अर्ज न देता! नत्थूजी चपला घेऊन मागे धावले.

म्हातारी अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा नर्स विचारत होती, "पेशंटचा मुलगा कुठे आहे?" भाऊ म्हणाले, "जवाई आहे. चालते ना?"

पुढं जे झालं ते ऐकून शाखेत कुणाला चहा गोड लागला नाही. आम्हा सगळ्यांची बिलं मंजूर करून आणणाऱ्या माणसाचं स्वतःचं बिल परत आलं. दवाखान्याच्या सवलतीत बायको बसते, मुलं बसतात, आईवडील बसतात. सासू बसत नाही.

कुलथेसाहेब चिडले. आम्हा दोघांना केबिनमध्ये घेऊन त्यांनी दार लावलं आणि हळूच म्हणाले, "डेकाटेजी, 'आई' लिहून पुन्हा पाठवा. मी सही करतो. कोण विचारतंय?"

भाऊंनी बिलाची घडी घातली. "नाई लिवत, साहेब."

"अहो, आईसारखीच आहे ना ती?"

"सारखी आहे. पण तिले माय लिवलं त माही बायको माही कोण झाली?"

मला आधी हसू फुटलं. मग भाऊंचा चेहरा दिसला. ते गंमत करत नव्हते. साहेबांनी सहीच्या पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

भाऊंनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले आणि दवाखाना भागवला. साहेबांनी सासूलाही सवलत द्यावी म्हणून वर लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे. मात्र त्या दिवसानंतर त्यांनी आम्हाला गोल उभं करून काही विचारलं नाही, बढतीचा विषयही काढला नाही.

म्हातारीला घरी आणल्यावर साहेब आणि मी एका रविवारी बघायला गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढं पेरूचं झाड. म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसलेली, पाय लांब केलेला. आवाज मात्र ठणठणीत.

"जवाई, साखर पाहून टाकजा! काल नुसता पाक पाजला मले! तुमाले अक्कल वाटताना देव जेवाले गेलता का?"

आतून भाऊंचा आवाज, "हो मामी, हो." त्यांच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतात, असं त्यांनीच मला दवाखान्यात सांगितलं होतं.

म्हातारीनं मला जवळ बोलावलं. "बाई, तुमच्या बँकेत कोणी चांगली बाई आहे का? एकटी असन, विधवा असन, चालते."

"कशाला हो?"

"जवायाचं लग्न लावाचं आहे."

साहेबांना ठसका लागला.

"हसू नका बाप्पा," म्हातारी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "पोरगी त गेली. मी का जन्माले पुरतो? सकाळी मी हाक मारतो तवा उठते हा माणूस. ताटावर मी खेकसतो तवा पोटभर जेवते. मी गेल्यावर त्याइच्यावर खेकसाले कोण आहे?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं भाऊ चहाचे कप आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले. आमच्याकडे न बघता त्यांनी कप ठेवले, खाटेशी बसले, म्हातारीच्या मानेखाली हात घालून तिला हळूच पुढं घेतलं आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"तुमी आहा ना अजून, मामी," ते म्हणाले. "खेकसा तुमी. मले कायची घाई नाई."

म्हातारीनं गोळी तोंडात टाकली, पेल्यातला घोट घेतला आणि पदरानं डोळे पुसले.

"पाणी किती गरम आहे हे! माठातलं काऊन नाई आणलं?"

"आणतो," म्हणून भाऊ पेला घेऊन उठले.