शेळीनं खाल्लेला स्पीकर

आमच्या शेजारचा गुंडाप्पा समोर आलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी टिचकी मारायचा आणि मग कान लावायचा. भोपळा, घागर, कणगी, काहीही. एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला गेला आणि चहा येईपर्यंत त्या लोकांचे रांजण वाजवत फिरला. मला पडसं झालं तेव्हा माझ्या छातीवर टिचकी मारून म्हणाला, "सेक्रेटरीसायब, आवाज वरवरचा हाय. पोटातनं येत न्हाय." मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माझा आवाज पोटातून यावा, अशी सभासदांचीसुद्धा कधी अपेक्षा नव्हती.

गुंडाप्पाची एक जुनी जीप होती. सकाळी दूध संघाचे कॅन, नंतर दिवसभर लोहारा ते उमरगा माणसं. जीपच्या मागच्या सीटखाली त्यानं लाकडी खोक्यात परातीएवढा स्पीकर बसवला होता. टेप सुरू झाला की प्रवाशांच्या मांडीवरच्या डब्यांची झाकणं नाचायची. संध्याकाळी जीप दारात लावून तो गाणी वाजवायचा आणि आमच्या भिंतीवरचे सगळे देव तिरके व्हायचे. तक्रार करायची कुणाकडे? त्याची बायको महादेवी लग्नानंतर मोठ्या तापातून उठली ती दोन्ही कान गमावूनच. घरात ऐकणारं कुणी नाही म्हणून हा माजलाय, असं गल्लीचं ठाम मत होतं.

त्यात दुष्काळ पडला. शेळ्या भिंतीवरची निवडणुकीची पोस्टरं चाटूनपुसून खाऊ लागल्या. अशीच एक शेळी उमरग्याच्या बाजाराला निघाली आणि मालकानं तिला मागच्या सीटखाली कोंबलं. खोक्याची जाळी निसटलेली होती. वाटेत शेळीनं स्पीकरचा कागदी पडदा अर्धा खाल्ला. उतरताना ती ढेकर देत होती, असं गुंडाप्पा शपथेवर सांगायचा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

गल्लीत आनंदीआनंद झाला. मी देव सरळ केले. गुंडाप्पा मात्र जेवेना. महादेवी परंड्याला माहेरी गेली होती आणि रविवारच्या एसटीनं परत येणार होती.

"ती यायच्या आत वाजला पायजे," तो म्हणाला.

"अरे, तिला काय कळणार आहे?"

"कळतंय तिला." एवढं बोलून तो पेचकस शोधायला लागला.

मग अंगणात शस्त्रक्रिया सुरू झाली. पहिल्या दिवशी सोसायटीच्या जाड पाकिटांचा कागद आणि कणकेची खळ. ठिगळ उन्हात वाळत ठेवलं आणि कोंबड्यांनी टोचून टोचून साफ केलं. त्या साली त्यांना तरी दुसरं काय मिळत होतं? मग गुंडाप्पानं घोंगडी विणणाऱ्या सणगराकडून चिंचोक्याची खळ आणली. लोकरीच्या धाग्याला ताठ करणारी ही खळ अशी वास मारत होती की कोंबड्या परसात पळाल्या आणि आम्हालाही पळावंसं वाटलं.

खरी अडचण पुढेच होती. स्पीकरच्या चुंबकात एक गोल फट असते आणि तारेचं वेटोळं तिच्या बरोबर मधोमध राहावं लागतं, नाहीतर घासून खरखर येते. गुंडाप्पानं सासूच्या खुब्याची जुनी एक्स-रे फिल्म शोधून काढली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि फटीत सगळीकडून खोचल्या. "सासू मधी पडली आन् काम झालं, असं पहिल्यांदाच घडतंय बगा," म्हणाला. मला त्यानं ठिगळाची कड धरून बसवलं आणि दम दिला, "श्वास घिऊ नका, कागद हालतोय!" गल्लीतले लोक भोवती उकिडवे बसून सल्ले देत होते. ज्यांनी परवापर्यंत स्पीकरला शिव्या घातल्या, तेच आता खळ घट्ट झाली की पातळ यावरून भांडत होते.

रविवारी पट्ट्या ओढून काढल्या, टेप लावला आणि धडाड्! आतून आमच्या हिचा आवाज आला, "अहो, देव पडले!" गुंडाप्पा नाचला. मीही नाचलो. आपण आपल्याच वैऱ्याला जिवंत केलं, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

तेवढ्यात महादेवी पिशवी घेऊन आली. घरात गेलीच नाही. सरळ जीपमध्ये चढली, चपला काढल्या, तळपाय खोक्यावर टेकवले आणि हातांचे दोन्ही पंजे सीटवर पसरले. गुंडाप्पानं गाणं लावलं. तिनं डोळे मिटले आणि तिची मान ढोलकीच्या ठेक्यावर अचूक डोलायला लागली. इतकी वर्षं शेजारी राहून आम्ही फक्त वैतागलो होतो.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "अवो, ढोलकी फाटकी वाजतीया."

गुंडाप्पानं टेप बंद केला आणि तिथंच मांडी घालून खोक्याचे स्क्रू काढायला लागला.

"अरे, ती आत्ता कुठं आलीय," मी म्हणालो. "जेवा दोघं. उद्या बघू."

"दिवसभरात तिला येवढंच ऐकू येतंय, सेक्रेटरीसायब," तो मान वर न करता म्हणाला. "ते बी फाटकं ऐकवू व्हय?"